जमिनीचा कंप सांगणारी काचेची तार
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ज्यांना तो दिवस आठवतो त्यांच्यासाठी भूकंप हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातील धडा नाही. म्हणूनच जमिनीची हालचाल टिपणाऱ्या एका नव्या साधनाविषयी आज चार शब्द बोलावे म्हणतो. हे साधन म्हणजे आपले फोन आणि इंटरनेटचे संदेश वाहून नेणारी, जमिनीत पुरलेली काचेची तार, अर्थात ऑप्टिकल फायबर केबल.

या तारेतील काचेचा तंतू केसाइतका बारीक असतो. त्यातून लेसरचा प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने धावतो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म विषमता राहतेच. तीमुळे प्रकाशाचा अत्यल्प अंश मागे परततो. जमीन हलून तार किंचित ताणली गेली की हा परतणारा प्रकाश बदलतो. एक किलोमीटरवरून परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. म्हणून तो किती वेळाने परतला यावरून तार कोठे ताणली गेली ते कळते. टोकाला एक यंत्र जोडले की कित्येक किलोमीटरची तार म्हणजे भूकंपमापकांची एक लांबच लांब रांगच होते.

याचा उपयोग आइसलंडमध्ये दिसून आला. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंदाविक गावाखाली शिलारस घुसला आणि सारे गाव रातोरात खाली करावे लागले. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथील दूरसंचाराच्या तारेला असे यंत्र जोडले. जमिनीखाली शिलारस घुसण्याच्या नऊ घटना तिने टिपल्या. त्यांपैकी सहांमध्ये लाव्हा वर आला. उद्रेकापूर्वी अर्ध्या तासापर्यंत इशारा देता येईल, असे त्यातून दिसले. माणसांना घराबाहेर काढायला अर्धा तास थोडा नव्हे!

मात्र गैरसमज नको. भूकंप कधी होणार हे ही तार आधी सांगू शकत नाही. किल्लारीची वेळही तिने सांगितली नसती. ती हालचाल सुरू झाल्यावर ती लवकर आणि बारकाईने टिपते, एवढेच.

आता विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ज्युझेप्पे मारा यांचे काम अतिअचूक घड्याळांचे. अशा घड्याळांची तुलना करण्यासाठी काचेच्या तारेतून प्रकाश पाठवतात. रस्त्यावरील वाहनांमुळे त्या प्रकाशात खरखर येई. ती नको असलेली गोष्ट म्हणून काढून टाकायची असे. 2016 साली मध्य इटलीत भूकंप झाले, तेव्हा मारा यांनी ती खरखरच तपासली. हजार किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपाचा ठसा तीत सापडला! पुढे 2018 साली माल्टा आणि सिसिली यांमधील समुद्रतळाच्या तारेवरही भूकंप टिपल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली आहे आणि तेथे भूकंपमापक फारच थोडे, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळेल.

मित्रहो, ज्ञान त्या खरखरीतच होते. गरज होती ती थांबून विचारणाऱ्याची. प्रकाशाचा अभ्यास करणारे इब्न अल-हैसम हजार वर्षांपूर्वी हेच करीत होते : ऐकीव गोष्ट प्रयोगाने तपासून पाहत होते. शिक्षकांनाही माझी विनंती आहे, वर्गात एखादा मुलगा वा मुलगी आडवा प्रश्न विचारील, तेव्हा ती खरखर समजून गप्प बसवू नका. कदाचित त्याच प्रश्नात उद्याचा इशारा दडलेला असेल.