चित्राची वही



संगणकाच्या पडद्यावर आपल्याला चित्र दिसते. संगणकाच्या लेखी ती आकड्यांची वही असते. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्शांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, तेव्हा त्याच्या १७६ ओळी आणि दर ओळीत १७६ ठिपके पाडले. असल्या ठिपक्यालाच आज पिक्सेल म्हणतात. रंगीत चित्रात बहुधा दर पिक्सेलला तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ पर्यंतचा. त्यांच्या जुळणीतून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग संभवतात.

जावा ही संगणकाची भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत चित्र दाखवून त्याचे पिक्सेल बदलणारा प्रोग्राम लिहिताना नवशिका एका जागी हमखास अडतो. माऊसची कळ दाबताच तो सरळ खिडकीवर तांबडा ठिपका काढतो. ठिपका उमटतो खरा. पण खिडकी लहानमोठी केली की नाहीसा होतो! कारण उघड आहे. त्याने पाटीवर लिहिले, वहीत नोंद केलीच नाही.

खरी रीत अशी. चित्राचे आकडे 'बफर्डइमेज' नावाच्या वहीत असतात. तेथला आकडा 'सेटआरजीबी' या आज्ञेने बदलावा आणि 'रिपेंट' म्हणून खिडकीला विनंती करावी. मग ती वही वाचून स्वतःला नव्याने रंगविते. चित्र आठपट मोठे दाखविले असेल, तर माऊसच्या स्थानाला आठाने भागून बाकी सोडावी. ८३ वर कळ दाबली, तर पिक्सेल १० क्रमांकाचा. मोजणी मात्र शून्यापासून.

आता मुद्द्याची गोष्ट. वाण्याच्या वहीत खाडाखोड दिसते. या वहीत ती दिसत नाही. २०० च्या जागी २०१ लिहिले, तर डोळ्याला पत्ता लागत नाही आणि जुना आकडा मागे उरत नाही. क्ष-किरणांचे चित्र असो वा अपघाताचे छायाचित्र, त्यावर कुणाचे औषधपाणी, कुणाचा न्याय अवलंबून असतो. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने मूळ चित्राला हात लावू नये. बदल प्रतीवर करावेत आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी.

आणि तुम्ही-आम्ही? पुढे आलेले चित्र पाहून भारावण्याआधी एवढेच विचारावे, "याचे मूळ कोठे आहे?"