पान निघावं की निघू नये?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



डिसेंबर उजाडला की आमच्या शेळगावात डायऱ्या यायला लागतात. खत-औषधांचा दुकानदार देतो, पतसंस्था देते, विम्याचा एजंट देतो. चकचकीत रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत पहिली काही पानं मापं-वजनं आणि देशांच्या राजधान्या. लोक ती आनंदानं घेतात. एक जानेवारीला सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहितात. संक्रांतीपर्यंत हे चालतं. पुढं त्या डायरीत लाइटबिलं मुक्कामाला येतात.

यात माणसांचा आळस आहे असं मला वाटत नाही. ती डायरी त्यांच्या वर्षाची नसतेच, हे खरं कारण आहे.

आमच्या इंदापूर-बारामतीकडं वर्ष कधी सुरू होतं? ज्याला विचाराल त्याचं वेगळं. सोसायटीचं एक एप्रिलला, शाळेचं जूनमध्ये, साखर कारखान्याचं ऑक्टोबरात. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात, म्हणजे एकाच पिकाची हकीकत दोन डायऱ्यांत फाटते, कधी तिसरीतही जाते. डाळिंबवाल्याचं वर्ष बहाराचं. मृग, हस्त की आंबे बहार धरला, त्यावर त्याचा पहिला महिना ठरतो. आमच्या घरात हिजरी महिनेही चालतात. ते वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळं रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. छापील डायरी यातलं एकच वर्ष ओळखते. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’नं ही अडचण ओळखली. तिथी, नक्षत्र, ईद, नाताळ सगळे एका भिंतीवर नांदवले. पण चौकोन तो चौकोन. त्यात ‘दूध दीड लिटर’ मावतं, बागेच्या फवारणीचा हिशेब मावत नाही.

म्हणून मी गेली पंचवीसेक वर्षं माझी वही माझ्या हातानं बांधतो. मोबाइलशी माझं भांडण नाही. गजर लावायला, कुणाचा वाढदिवस लक्षात ठेवायला तो चांगलाच आहे. पण एखादी ओळ खोडली आणि ती कशी खोडली, हे कागदावरच राहतं.

बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी एका सोसायटीत कारकून होतो. नवी रोजकीर्द आली की पहिल्या पानावर लिहायचं, ‘या वहीत १ ते २०० पाने आहेत.’ खाली सही, त्यावर शिक्का. त्यानंतरच पहिली नोंद. म्हणजे वहीतून एक पान जरी गेलं तरी वही स्वतःच साक्ष देणार. त्या कंटाळवाण्या नोकरीत मला आवडलेलं हे एकच वाक्य. तेव्हापासून कुणी वही कशी निवडू असं विचारलं, की मी कव्हर, कागद, किंमत हे सगळं बाजूला ठेवतो आणि आधी एकच विचारतो: यातलं पान निघायला हवं, की निघता कामा नये?

निर्यातीची डाळिंबं काढणाऱ्याला कोणतं औषध कधी मारलं याची नोंद दाखवावी लागते. त्याची वही शिवलेलीच हवी. सुट्या पानांवर कोण विश्वास ठेवील? उलट भजनी मंडळाची वही. एकादशीला एक क्रम, काकड्याला दुसरा. तिथं पानं हलती असली तर बरं. कवितेचं मात्र दुहेरी आहे. खर्डा शिवलेल्या वहीतच लिहावा, कारण रागाच्या भरात फाडलेलं पान सहा महिन्यांनी हवंसं वाटतं. संग्रहाचा क्रम लावायला बसलं, की तीच कविता सुट्या कागदावर उतरवून घ्यावी आणि सतरंजीवर पत्त्यांसारखी मांडावी.

हा प्रश्न काही आजचा नाही. मोरोपंतांचं आयुष्य आमच्या बारामतीत गेलं, १७९४ साली ते वारले. त्यांच्या काळी लिहिणाऱ्यापुढं मुख्यतः दोन वाटा होत्या: पोथी किंवा बाड. पोथीची पानं सुटी, आडवी, वर-खाली फळ्या लावून कापडात बांधलेली. वाचून झालेलं पान उलटून पलीकडं ठेवायचं. बाड शिवलेलं. शाहिरांच्या लावण्या, कीर्तनकारांची टिपणं बाडात असत, कारण ते खांद्यावरच्या झोळीतून गावोगाव हिंडायचं. पेढीवरची लाल कापडाची लांबट वही आणखी निराळी. तिच्यात रेघा नसत, कागदाला घड्या घालून पडलेल्या खुणा हेच जमा-खर्चाचे रकाने. आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधलेलं चौकोनी कापड. भोक नाही, टाका नाही, डिंक नाही. कागद वाढले तर गाठ जरा पुढं सरकते. मला विचाराल तर सुट्या कागदांसाठी याहून चांगली सोय नंतर कुणी केली नाही.

या कामाचे शब्दही पाहा कुठून कुठून आले. जिल्द म्हणजे मुळात कातडी. दप्तर म्हणजे नोंदवही, ते आपण पोरांच्या पाठीवर दिलं. बस्ता म्हणजे बांधलेलं, तो आता फक्त लग्नाच्या कापडखरेदीला उरला. जुन्या, विशेषतः उर्दू बोलणाऱ्या बाइंडरांच्या तोंडी ‘जुज’ असतो. एकात एक घातलेल्या दुमडीच्या कागदांचा एक गट म्हणजे एक जुज, आणि असे गट शिवत जाणं म्हणजे जुजबंदी. कुरआनाच्या तीस भागांनाही जुजच म्हणतात, आणि तो ज्या कापडी पिशवीत जपतात ते जुजदान. आपल्या मराठीतला ‘जुजबी’ त्याच घरातला. कागदाचंही तसंच. जुन्नरला आणि खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद बनवणारे कारागीर मुसलमान, आणि त्या कागदावर उतरली अभंगांची बाडं.

बाहेरच्या जगानं या प्रश्नाला कड्यांचं उत्तर दिलं. अमेरिकेत अभियंत्यांसाठी सुट्या पानांच्या कड्यांच्या वह्या निघाल्या. लंडनमध्ये १९२१ पासून सहा कड्यांची फायलोफॅक्स मिळू लागली. पान काढा, पान घाला, वर्ष संपलं की आतला मजकूर बदला, कव्हर तेच. पुढं बेल्जियमच्या एका कंपनीनं चकत्यांची वही काढली. पानाच्या कडेला अळंबीच्या आकाराच्या खाचा, त्या गोल चकत्यांवर बसतात. ओढलं की पान निघतं, दाबलं की बसतं. गंमतीची चीज आहे, पण तसं भोक पाडायचं यंत्र त्याच मापाचं लागतं, आणि ते इंदापूरच्या दुकानात मिळत नाही. आपल्याकडची दोन कड्यांची फाइल स्वस्त आहे, मात्र तिच्या भोकांना आधी कापडी चिकटपट्टी लावा. नाहीतर पहिलं आणि शेवटचं पान वर्षभरात सुटतं. स्पायरलची वही उलटी दुमडते, उभ्या उभ्या लिहिता येतं. पण पिशवीत तार वाकली की कायमची वाकली. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या जाड वहीबद्दल मी काही चांगलं बोलणार नाही. ती पूर्ण उघडत नाही आणि जबरदस्तीनं उघडली तर मधोमध दुभंगते.

आता शिवणीकडं येतो. ती मी अब्बांकडून शिकलो. अब्बा गावात शिंपीकाम करायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवणयंत्र समोर असूनही वही ते हातानंच शिवत. म्हणायचे, “मशीनचे बारीक टाके कागदाला पोस्टाच्या तिकिटासारखं करतात, मग तो त्याच रेघेवर फाटतो.” त्यांची एक वही होती. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून त्यांनी स्वतः रचलेली पदं. ते भजनी मंडळात गायचे, आणि मंडळीही त्यांची पदं गायची. छाती अडतीस, बाही साडेबावीस, आणि दोन पानं उलटली की विठ्ठल. एकूण सतरा पदं.

१९९४ साली अब्बा गेले. वहीची शिवण उसवली होती म्हणून मी ती एका बाइंडरकडं दिली. कडा कापू नका, अक्षरं काठापर्यंत गेली आहेत, असं दोनदा सांगितलं. त्यानं वही छान बांधली, आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर मारून आणली. कडा आरशासारख्या. ओळींची शेवटची अक्षरं गेलेली. पदाच्या ओळीत शेवटी काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. यमक गेलं.

मंडळातली जुनी माणसं तेव्हा होती. मी वही घेऊन एकेकाच्या ओट्यावर बसलो. त्यांनी गाऊन दाखवलं, मी लिहून घेतलं. चौदा पदं पुरी झाली. तीन राहिली.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो की जुनी हस्तलिखित वही कुणाकडंही कटिंगला देऊ नका. कडा वेड्यावाकड्या असल्या तर असू द्या. शिवण गेली असेल तर जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवून घ्या, नाहीतर सरळ रुमालात बांधा. अब्बांची वही मी तशीच ठेवली आहे. बाइंडरचा पुठ्ठा काढून टाकला, जुज सोडवले, पांढऱ्या मांजरपाटात बांधले.

नव्या वहीचं माझं माप ए-फोर कागदाची अर्धी घडी. पण बाजारातला ए-फोर तसाच मधून दुमडला तर घडी बहुधा कागदाच्या तंतूंना आडवी जाते. मग वही फुगते, तोंड मिटत नाही. कागदाची एक पट्टी ओली करून बघा, ती ज्या बाजूनं गुंडाळी होते त्यावरून तंतूंची दिशा कळते. मी पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकाकडून मोठे ताव आणतो आणि घडी तंतूंच्या दिशेनं येईल असे कापून घेतो. शाईचं पेन वापरत असाल तर सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या खाली जाऊ नका, शाई पलीकडं उतरते.

चार कागद एकात एक, म्हणजे सोळा पानांचा एक जुज. घडीवर टोच्यानं पाच भोकं, सगळ्या जुजांना एकाच मापाची; त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी करून ठेवावी. दोरा सुती, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. पाठीवर जुन्या साडीच्या काठाच्या दोन पट्ट्या, टाके त्यांच्यावरून घ्यायचे. मग त्याच पट्ट्या पुठ्ठ्याला चिकटतात आणि सगळा भार त्या घेतात. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर लागते. मोरचूद विषारी असतो, तेव्हा ते भांडं पुन्हा चुलीवर चढवायचं नाही. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. आमच्याकडं अजून पाटा आहे, शिकंजा नाही.

आत तारखा छापायच्या नाहीत. डाव्या पानावर आठवड्याचे सात दिवस मी हातानं आखतो, कडेला बारीक अक्षरात तिथी आणि चांद. उजवं पान कोरं. तिथं कालव्याच्या पाण्याची पाळीही येते आणि ओळही येते, दोघींची वेळ सांगता येत नाही. नवा जुज लागला तर पाठीच्या पट्ट्या थोड्या लांब सोडलेल्या असतात, तो मागून शिवून घेता येतो. त्यामुळं माझी वही जानेवारीत संपत नाही. ऊस तुटला की संपते.

दरवर्षी आषाढवारीला तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडं जाते, ती आमच्या फाट्यावरून. दिंड्यांमधल्या विणेकऱ्यांच्या वह्या बघण्याचा मला नाद आहे. पावसासाठी दुधाच्या पिशव्या कापून केलेली कव्हरं, सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा, पान सापडावं म्हणून कडेला लोकरीचे रंगीत धागे. कोणत्याही दुकानात न मिळणाऱ्या युक्त्या.

फाट्यावर जाताना मी अब्बांची मूळ वही नेत नाही. अपुऱ्या पदांच्या झेरॉक्स प्रती दोन कड्यांच्या फायलीत घालून नेतो, म्हणजे हव्या त्याच्या हाती पान काढून देता येतं. अब्बांची काही पदं त्या काळी दिंड्यांतून बाहेर गेली होती. गेल्या आषाढात एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं पान डोळ्यांजवळ धरलं, दोन ओळी गुणगुणल्या आणि तिसरीचा शेवटचा शब्द म्हणून टाकला. मी तो समोरच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घेतला, खाली तारीख आणि त्यांच्या गावाचं नाव. आता दोन पदं राहिली आहेत.