मापाचें टिंब आणि वाक्याचा विराम

बोलतांना ‘अडीच शेर’ म्हटलें कीं काम भागतें. अडचण लिहितांना उभी राहते. जुन्या पोथींत ओवी संपली कीं दोन उभ्या रेघा येत. ॥ २ ॥ म्हणजे दुसरी ओवी. जमाखर्चाच्या वहींत त्याच दोन रेघा आंकड्याला जोडून आल्या कीं अर्ध्याचा अर्थ देत. २॥ म्हणजे अडीच. एका रेघेनें पाव, तिहींनीं पाऊण. तरी घोटाळा होत नसे, कारण पोथी देव्हाऱ्यापाशीं आणि वही दुकानांत राही.

एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नानें इंग्रजी विरामचिन्हें मराठी गद्यांत रुळलीं. पुढें १९५६ च्या कायद्यानें मीटर व किलोग्रॅम आले. आतां सारें ओझें एका टिंबावर पडलें. तेंच दशांश दाखवितें, तेंच शब्दाचा संक्षेप दाखवितें आणि वाक्यही तेंच संपवितें.

हें ओझें किती जड, तें चाकणसारख्या गांवीं कळतें. कांद्याच्या बाजाराचें हें गांव आज कारखान्यांनीं वेढलेलें आहे. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना तेथें २००९ सालीं सुरू झाला. जर्मन लोक दशांशाच्या जागीं स्वल्पविराम देतात. समजा, जर्मन रीतीच्या एखाद्या कागदावर ‘१,२५० किलोग्रॅम रंग’ असें लिहिलें आहे. लिहिणाऱ्याच्या मनांत सव्वा किलो. इकडच्या शाळेंत शिकलेला वाचणारा साडेबाराशें किलो समजेल. २००३ सालीं वजनामापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें दशांशासाठीं टिंब व स्वल्पविराम हीं दोन्ही चिन्हें मान्य केलीं. मात्र मोठ्या संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडतांना मध्यें केवळ मोकळी जागा सोडावी, असें सांगितलें. मापाचें चिन्ह हा शब्दाचा संक्षेप नव्हे, म्हणून त्यापुढें टिंब नको. आंकडा व चिन्ह यांत जागा मात्र हवी, हाही आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

मराठी वाक्य बहुधा क्रियापदानें संपतें. त्यामुळें पूर्णविराम मापाच्या चिन्हाला सहसा भिडत नाहीं. आपली खरी अडचण विभक्तीच्या प्रत्ययाची. ‘भोंक ०.५ मि.मी.नें वाढवा.’ एवढ्याशा वाक्यांत चार टिंबें आहेत आणि त्यांतलीं दोनच कामाचीं. प्रत्यय लावावयाचा असेल तेथें मापाचें नांव पुरें लिहावें: ‘भोंक ०.५ मिलिमीटरनें वाढवा.’ म्हणजे पहिलें टिंब संख्येचें, शेवटचें वाक्याचें. तिसऱ्याला जागाच उरत नाहीं.

आरंभींचें शून्यही गाळूं नये. नुसतें ‘.५’ लिहिलें आणि तेलकट कागदावर तें टिंब पुसलें गेलें, तर अर्ध्या मिलिमीटरचे पांच होतात. आणि एकदां वाढलेलें भोंक पुन्हां लहान करतां येत नाहीं.