बरडावरचा वेस्टर्न

आमच्या कॉलेजची चार मुलं परवा घरी आली. गाणं स्वतःचं, चालही स्वतःची. आता त्यावर म्युझिक व्हिडिओ करायचा होता, तोही वेस्टर्न धर्तीचा. टोपी, घोडा, धूळ आणि समोरासमोर उभे ठाकलेले दोघे. पहिला प्रश्न आला, "सर, राजस्थानले जाचं म्हटलं तर किती खर्च येईन?" मी म्हटलं, "अमरावतीहून अकोल्याकडे निघा अन् बरड दिसलं की उतरा."

मी थट्टा करत नव्हतो. सर्जिओ लिओनेचे वेस्टर्न चित्रपट आपल्याला अमेरिकेतले वाटतात. त्यांचं बरंचसं चित्रीकरण झालं ते स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उजाड मुलखात. १९७५च्या 'शोले'मधलं रामगढ उभं राहिलं कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत. मग आपल्या माळरानानं काय घोडं मारलंय?

आणि वेस्टर्न म्हटलं की आगगाडी आलीच. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आपली 'शकुंतला' वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठीच सुरू झाली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावत होतं. आता गाडी बंद आहे, पण जागा रेल्वेचीच. परवानगीशिवाय तिथं कॅमेरा लावायचा नाही, हे मुलांना बजावलं. घोड्याचा विचारही सोडून दिला. चित्रीकरणात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची रीतसर परवानगी लागते. शिवाय आपल्याकडे मिळते ती वरातीची घोडी, बँड वाजला की नाचणारी! बंदूक मात्र सोपी. टिकल्यांचं पिस्तूल पुरे, फक्त जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवायचं.

घोडं अडलं ते तारखेवर. मुलांनी ऑगस्ट धरला होता. आभाळ भरलेलं, गवत कमरेएवढं. पण हेच दिवस तणमोराच्या विणीचे. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तो पावसाळ्यात येतो. नर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो, मादी जमिनीवरच अंडी घालते. २०२१पासून हा पक्षी जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. सरकारी दप्तरात माळाला 'पडीक' म्हणायची जुनी खोड. म्हणून तिथं काहीच नाही असं आपणही धरून चालतो.

"एका दिवसानं काय होते सर?" एकानं विचारलं. दहा माणसं, दोन मोटरसायकली, स्पीकरवर दिवसभर एकच गाणं. अंड्यावरून मादी उठली तर ती परत येईलच, याची हमी कोण देणार? मुलगा गप्प झाला, पण त्याला पटलं नव्हतं हे दिसत होतं.

डिसेंबर घ्यावा, तर गवत वाळलेलं. एक ठिणगी पडली की माळ पेटतो. म्हणजे पडद्यावरची शेकोटी आणि बिडी दोन्ही रद्द.

आठवड्यानं त्यांच्यातल्या मुलीचा फोन आला. माळावर त्यांना एक फासेपारधी बुवा भेटले होते. कोणत्या भागात पाखरं बसतात ते त्यांनी लांबूनच दाखवलं आणि मुलांना उलट्या दिशेला नेलं, गावामागच्या मुरमाच्या जुन्या खाणीत. गवताची काडी नाही, तांबडी भिंत, पाय आपटला की धूळ. खाण ग्रामपंचायतीच्या जागेत आहे. सरपंचांनी होकार दिलाय. घोड्याऐवजी दमणी मागावी म्हटलं, तर तिलाही बैल लागणार. तेव्हा नायक आता सायकलवर येणार आहे. टोपी तेवढी अजून मिळालेली नाही.