नोंद नीटस, तर शोध झटपट
(ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी भाषण)



सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातील, गुजरातच्या सीमेस भिडलेला, डोंगरदऱ्यांचा आणि मुबलक पावसाचा तालुका होय. येथे निरोप पोहोचविण्यासाठी पूर्वी मैलोगणती पायपीट करावी लागे. आज ते काम खिशातील भ्रमणध्वनी करतो. परंतु ऐन प्रसंगी हवे ते नाव सापडले नाही, तर यंत्र हाती असूनही माणूस असहायच राहतो.

गावित, भोये, चौधरी, महाले, पवार ही आडनावे या भागात गावोगावी आढळतात. पत्तेवहीत नुसते 'गावित' लिहून शोधल्यास पडद्यावर नावांची रांग उभी राहते. मध्यरात्री एखाद्या पाड्यावर प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि आशा कार्यकर्तीला जीपचालकाचा क्रमांक हवा असला, तर ती रांग चाळण्यास वेळ कोठून आणावा?

शोधाचे मर्म नोंदीत आहे. पत्तेवही साधारणतः अक्षरे जुळवून पाहते, मनातला हेतू ओळखत नाही. यास्तव नावापुढे काम आणि गाव अवश्य लिहावे. 'गावित, जीपचालक, बाऱ्हे' अशी नोंद असल्यास 'बाऱ्हे' लिहिताच यादी आखूड होते.

लिपीचेही भान ठेवावयास हवे. नोंद देवनागरीत आणि शोध रोमन लिपीत, असे झाल्यास नाव असूनही न सापडण्याचा संभव असतो. 'चौधरी' हे आडनाव तर रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते. म्हणून सर्व नोंदींसाठी एकच पद्धत ठरवावी.

पदनामेही बदलतात. २०२४ मध्ये शासनाने तलाठ्यांना 'ग्राम महसूल अधिकारी' हे पदनाम दिले, तरी लोकांच्या तोंडी जुना शब्द आहेच. नोंदीत दोन्ही शब्द असावेत. अधिकाऱ्याची बदली झाल्यास नवा क्रमांक त्याच दिवशी लिहावा.

ई-मेल पाठविताना पहिली दोन-तीन अक्षरे लिहिताच यंत्र पत्ते सुचविते. ही सोय खरी, पण घाईत एका पवारांचा कागद दुसऱ्या पवारांकडे जाण्याचा धोकाही तिच्यातच आहे. म्हणून पाठविण्यापूर्वी पूर्ण पत्ता वाचावा.

डोंगराळ भागात इंटरनेट कधी खंडित होईल याचा नेम नसतो. महत्त्वाचे क्रमांक भ्रमणध्वनीतच साठवावेत आणि वहीतही उतरवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक तर पाठच असावेत.

पावसाळ्यापूर्वी घर शाकारले जाते, ते पाऊस आल्यावर धावपळ होऊ नये म्हणून. पत्तेवहीचेही तसेच आहे. निवांत वेळी नीट केलेली एक नोंद अडचणीच्या रात्री एखाद्या कुटुंबाचा मोठा आधार ठरेल.