गजकर्ण आणि दोन दिवसांत आराम देणारी ट्यूब



पूर्व विदर्भातल्या सौंदडच्या आसपास धानाची रोवणी सुरू झाली की बाया सकाळी बांधीत उतरतात आणि सकाळी भिजलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत अंगावरच वाळतं. कंबर, जांघा, छातीखालची घडी दिवसभर ओली राहते. गजकर्णाची बुरशी वाढते ती अशाच ओल्या, उबदार जागी.

मागच्या पावसाळ्यात एक बाई तपासणीला आल्या. कमरेभोवती लाल पट्टा, कडेला बारीक खवले, मध्ये काळपट डाग. पदराच्या गाठीतून त्यांनी पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. "लावली की दोन दिवसांत खाज जाते, सोडली की दुप्पट येते," त्या म्हणाल्या. चिठ्ठीशिवाय घेतलेली सहावी ट्यूब होती ती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: क्लोबेटासोल. म्हणजे जहाल स्टेरॉइड. त्यानं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत निर्धास्त पसरते. कातडी पातळ होते, जांघेत पांढरे ओरखाडे उठतात आणि ते जन्मभर राहतात. बीटामेथासोनचंही तेच. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केला. तरी ती सर्रास विकली जातात, याचा मला राग येतो.

गजकर्ण ओळखायचं ते कडेवरून. गोल चट्टा, उठलेली, खवल्यांची कड, मधला भाग त्या मानानं साफ, आणि घाम आला की वाढणारी खाज. स्टेरॉइड लावलं असेल तर ही कडही पुसट होते. मग कड खरवडून खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. कोपर, गुडघा, डोकं इथं जाड, चंदेरी पापुद्रे असतील तर तो बहुधा सोरायसिस. तो शिवल्यानं पसरत नाही. आणि फिकट चट्ट्याला स्पर्शच कळत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

गजकर्णाचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावा. चट्टा गेला तरी पुढे दोन आठवडे लावा. चट्टे फार असतील तर गोळ्या लागतात, त्याही अर्ध्यावर सोडू नका. भारतात हल्ली पसरलेली बुरशी टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही, म्हणून शेजारणीच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात घाला. कमरेचा करदोडा काढा. तो ओला राहतो आणि बुरशी त्यातच टिकते.

जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात याल, तेव्हा वापरलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत आणा. रिकाम्यासुद्धा.