नसलेल्या ग्रंथांची मागणी



मे २०२५ मध्ये अमेरिकेतील 'शिकागो सन-टाइम्स' या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचावयाच्या १५ पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. लेखक खरे होते. परंतु त्यांतील १० पुस्तके कोणी लिहिलीच नव्हती! यादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतली होती, आणि ती कोणी पडताळली नव्हती. हे यंत्र मुळात ग्रंथालयाची सूची पाहून बोलत नाही. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा, हे ते ताडते. त्यामुळे खरे व खोटे दोन्ही ते सारख्याच ठामपणे सांगते.

असले ग्रंथ मागणारे वाचक आता ग्रंथपालांकडे येतात. असलेला ग्रंथ काढून देणे सोपे. नसलेला नाही, हे ठरविण्यास प्रकाशक, वर्ष, सूची सारेच धुंडाळावे लागते. वाचकाचा वेळ वाचवावा, हे डॉ. रंगनाथन यांचे १९३१ मधील सूत्र. येथे तर ग्रंथपालाचाच वेळ जातो! जुन्या छापील पानांतील अक्षरे ओळखण्यात मात्र यंत्राचे साहाय्य मोलाचे आहे. तेथेही शेवटची नजर माणसाचीच लागते.

विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरून पुस्तकाचे नाव आणल्यास शिक्षकाने प्रथम प्रकाशक विचारावा, आणि मग त्याच्यासमवेत तालुक्याच्या ग्रंथालयातील सूची उघडावी.